वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी घरी चालू करायची आहे? मग हा क्रम मोडू नका

गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे चार जण जवळपास सारखीच गोष्ट घेऊन आले. वडिलांची नाहीतर काकांची प्रीमियर पद्मिनी आठ-दहा वर्षं शेडमध्ये उभी, एक दिवस मनात येतं, नवीन बॅटरी आणतात, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. दोघांच्या गाड्या चालू झाल्याच नाहीत, एकाच्या कार्बोरेटरमध्ये टाकीतला सगळा गंज जाऊन बसला आणि चौथ्याची रिंग तुटून सिलेंडरला ओरखडा पडला, म्हणजे जे काम हजार-दोन हजारात झालं असतं ते बोरिंगवर, म्हणजे सिलेंडर मशीनवर कापून घेण्यावर गेलं. आणि पाचवा एक भेटला त्याने तर आधी चकाचक रंग मारून घेतला आणि मग कळलं की खालचा पत्रा कुजलाय, वेल्डिंग करताना दरवाजाखालचा सगळा नवा रंग जळाला.

या सगळ्यांना काम येत नव्हतं असं नाही, हात चांगले होते. चुकला तो क्रम. म्हणून इथे मी फक्त क्रम सांगतोय. उदाहरण पद्मिनीचं कारण मी स्वतः मामांची १९८६ ची गाडी मिरजेजवळच्या शेतातल्या शेडमधून काढून उभी केली, १०८९ सीसीचं साधं चार सिलेंडरचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, कुठेही कॉम्प्युटर नाही, त्यामुळे घरी शिकायला याच्यासारखी गाडी नाही. अँबॅसॅडर किंवा जुनी मारुती ८०० असेल तरी बहुतेक गोष्टी अशाच लागू पडतात.

## १. पाना हातात घेण्याआधी कागद

आरसी बुक कुठे आहे ते आधी शोधा. मग परिवहनच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर नंबर टाकून गाडीची नोंद अजून जिवंत आहे का, रद्द झालीय का, कुठला कर बाकी दाखवतंय का ते बघा. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, त्याला फॉर्म २५ लागतो, आणि गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. विकत घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून आणत असाल तर त्याआधी एनओसीचा फॉर्म २८. विकणाऱ्याच्या सह्या पैसे देताना त्याच दिवशी घ्या, "नंतर देतो" म्हणणारा माणूस नंतर सापडत नाही.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ब्रशने साफ करून आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. मध्ये कधीतरी इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर चढवलेलं नसतं, हे आत्ता कळलेलं बरं.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली असतील तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचंय तर साधी नोंदणीच रिन्यू करा.

थांबा: नोंदणी रद्द झालेली असेल आणि मालकाचा पत्ता नसेल तर त्या गाडीवर एक रुपयाही घालू नका. पार्ट काढायला घ्या, फिरवायला नको.

## २. कुठे कुजलंय ते बघा, आणि प्रामाणिकपणे बघा

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणजे खालचा पत्रा गेला तर नुसतं पाय ओले होत नाहीत, गाडीची ताकदच जाते. एक डिसमिस आणि एक टॉर्च घ्या आणि या जागा टोचून बघा: चारही पायांखालचा पत्रा (मॅट आणि त्याखालचं नमदं पूर्ण काढून, वरून दिसत नाही), दरवाजांखालच्या लांब पोकळ पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ आणि स्टेपनीची जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल जिथे बॉडीला बसतात ती जागा, आणि पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची चौकट. कोकणातली किंवा गोव्यातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या.

डिसमिस आत गेला तर तो पत्रा गेलेला आहे, "वरवरचा गंज आहे" म्हणून समाधान करून घेऊ नका. चुंबकही ठेवा खिशात. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाहीये, लांबी (भरलेली पुट्टी) आहे.

माझं मत असं आहे की शॅकलच्या जागा, जॅकच्या जागा आणि दोन्ही बाजूच्या पट्ट्या असं तिन्ही कुजलेलं असेल तर पहिली गाडी म्हणून ती घेऊ नका. मन मोडतं, मला माहितीये, पण अशी गाडी अर्धवट उघडून अंगणात पडून राहते आणि मग भंगारात जाते, त्यापेक्षा कुणा अनुभवी माणसाकडे गेली तर ती वाचते.

## ३. जागा, हत्यारं आणि पिशव्या

जागेला छप्पर हवं आणि खाली कोबा हवा, मातीवर जॅक बसत नाही. हत्यारं फार लागत नाहीत: रिंग पान्यांचा आणि डी पान्यांचा मिलिमीटर सेट, गोटी पान्यांचा सेट, प्लग पाना, फिलर गेज, मल्टीमीटर, सिलेंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज (कुणाकडून आणता येतो), चांगली पकड, वायर ब्रश. टॉर्क रेंच हेड उघडायची वेळ आली तर लागेल, तोपर्यंत नको. अग्निशामक सिलेंडर मात्र पहिल्या दिवसापासून हवा, पेट्रोलची आग विझवणारा, आणि गाडीपासून चार पावलांवर टांगलेला, घरात कपाटात नाही.

इशारा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, एक नट बघायलासुद्धा नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी (जॅक स्टँड) लावा, उरलेल्या चाकांना लाकडी ओट लावा, मग गाडी हाताने हलवून बघा, मग खाली जा. विटा चालत नाहीत, वीट एका क्षणात फुटते.

काहीही सोडण्याआधी मोबाईलवर फोटो, तीन बाजूंनी. सोडलेला प्रत्येक नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने "डावा पुढचा ब्रेक, वरचे दोन" असं लिहायचं. सगळे नट एका डब्यात टाकणं ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक आहे, कारण तीन महिन्यांनी त्यातला कुठला कशाचा ते आठवत नाही आणि लांब बोल्ट आखूड जागी घुसून ॲल्युमिनियमचे आटे जातात.

अजून एक. सगळी गाडी एकदम उघडू नका. एक सिस्टीम उघडायची, ती पूर्ण करून बंद करायची, मग दुसरी.

## ४. इंजिन आधी हाताने फिरवा

सेल्फला अजून हात लावायचा नाही. बॅटरी काढलेलीच ठेवा.

चारही प्लग काढा, काढण्याआधी भोवतीची धूळ फुंकून टाका नाहीतर ती आत पडते. प्लग कुठल्या सिलेंडरचा ते क्रमाने मांडा, एखाद्यावर गंज किंवा पाणी दिसलं तर तो सिलेंडर लक्षात ठेवा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे तेल सोडा, अर्धं इंजिन ऑईल आणि अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल (एटीएफ) असं मिश्रण मी वापरतो, आणि भोकांवर कापड ठेवून दोन दिवस विसरून जा. तोपर्यंत एअर क्लीनर उघडून उंदराचं घरटं आहे का बघा, सायलेन्सरच्या तोंडातही बघा. माझ्या गाडीत एअर क्लीनरमधून शेंगांची मूठभर टरफलं निघाली होती.

टॅपेट कव्हर काढा आणि रॉकर, स्प्रिंग, पुश रॉड सगळ्यावर तेल सोडा. इंजिन फिरवताना सगळे व्हॉल्व्ह खाली-वर होतायत का ते इथूनच दिसतं. एखादा खाली दबलेलाच राहिला तर तिथेच थांबायचं, नाहीतर पुश रॉड वाकतो.

आता गाडी न्यूट्रलला टाका आणि क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून घड्याळाच्या दिशेने हळू फिरवा. फिरलं तर दोन-तीन पूर्ण फेरे द्या. नाही फिरलं तर जोर लावू नका, पान्याला पाईप जोडू नका. परत तेल, परत दोन दिवस, मग थोडं पुढे थोडं मागे असं हलवत राहायचं. मामांच्या गाडीला नऊ दिवस लागले, नवव्या दिवशी संध्याकाळी "कट्" असा बारीक आवाज आला आणि पाना हलला.

हे करू नका: जाम इंजिनची गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढणं. गावाकडे सर्रास होतं हे. रिंगा तुटतात, नशीब खराब असेल तर पिस्टनही.

## ५. ऑईल, पाणी आणि कॉम्प्रेशन

डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटलेला असण्याची शक्यता मोठी, हा पंप इंजिनवरच बसतो आणि फाटला की पेट्रोल सरळ खालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑईल दुधट दिसलं तर पाणी गेलंय. जुनं ऑईल गरम न करताच काढा, पूर्ण रात्रभर गळू द्या, फिल्टर बदला, नवीन २०डब्ल्यू-५० मिनरल भरा. महागडं सिंथेटिक इथे घालू नका, पहिलं ऑईल तसंही १०० किलोमीटरच्या आत फेकायचंय.

रेडिएटरमध्ये साधं पाणी भरून एक रात्र ठेवा आणि खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे डाग पडलाय ते बघितलं की गळती सापडते. होज पाईप दाबून कडक किंवा भेगाळलेले वाटले तर सगळे बदला, एक-एक नाही.

आता बॅटरी लावा, पण कॉईलची वायर काढून ठेवा आणि प्लग बाहेरच. सेल्फ १० सेकंद मारा, एक मिनिट थांबा, परत १० सेकंद, असं ऑईलचा दिवा विझेपर्यंत. यातून ऑईल बेअरिंगपर्यंत पोचतं आणि प्लग नसल्यामुळे इंजिनवर भार येत नाही. मग लगेच कॉम्प्रेशन घ्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चारही सिलेंडरचे आकडे वहीत लिहा.

आकडा किती आला यापेक्षा चौघांमध्ये फरक किती आहे ते महत्त्वाचं. एक सिलेंडर बाकीच्यांच्या मानाने बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह, शेजारशेजारचे दोन्ही सारखेच कमी असतील तर हेडचं पॅकिंग. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पहिल्या दिवशी आकडे कमीच येतात, रिंगा चिकटलेल्या असतात, त्यामुळे इथे घाबरून इंजिन उघडायला घेऊ नका. थोडी चालल्यावर परत मोजा.

## ६. पेट्रोलची बाजू

टाकीचं झाकण उघडलं आणि जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास आला तर आतलं पेट्रोल संपलं समजा. ते नव्या पेट्रोलमध्ये मिसळून चालत नाही. टाकी खाली उतरवा, रिकामी करा, आत दोन मुठी बारीक नट किंवा साखळीचा तुकडा आणि साबणाचं पाणी घालून जोरात घुसळा. गंज जास्त असेल तर सायट्रिक ॲसिडचं पाणी, म्हणजे लिंबूसत्व, भरून एक-दोन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. वाळवायला उशीर केलात तर तासाभरात परत तांबूस होते.

इशारा: टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नका, धुतलेली असली तरी. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, यात माणसं गेलेली आहेत.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप बदला. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात मऊ पडून सुटतं. इथेनॉल चालणारा पाईप मागून घ्या, थोडा महाग पडतो, पण गळका पाईप गरम मॅनिफोल्डच्या वर असतो हे लक्षात ठेवा. पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचं किट यातही तेच. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

कार्बोरेटर ताटात उघडा, जमिनीवर नाही. जेट हवेने आणि क्लीनर स्प्रेने साफ करायचे, तार घालायची नाही. तारेने भोक जरा जरी मोठं झालं तर मिक्श्चर कायमचं बिघडतं आणि तुम्ही सहा महिने ट्यूनिंग करत बसता.

## ७. करंट

सुरू न होणाऱ्या निम्म्या गाड्यांत दोष इतकाच असतो की डेल्कोमधल्या (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या) सीबी पॉईंटवर पांढरट थर चढलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने पुसा, गॅप फिलर गेजने मॅन्युअलप्रमाणे लावा, कॅपमध्ये भेग आहे का उजेडात धरून बघा. कंडेन्सर आणि प्लग नवीनच टाका. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने, रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते बघून मग लावा.

जुन्या वायरिंगवर भरवसा ठेवायचा नाही. पहिल्या स्टार्टसाठी बॅटरी, फ्यूज, एक स्विच आणि कॉईल एवढीच तात्पुरती वायर वेगळी ओढा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढून घासून परत आवळा, ती गंजलेली असेल तर सेल्फ रडत राहतो आणि लोक उगाच नवीन बॅटरी आणतात.

## ८. पहिला स्टार्ट

उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये नाही, धूर जीवघेणा असतो. मुलांना लांब. एकजण आत स्विचवर, एकजण इंजिनपाशी, आणि इंजिनपाशी असणाऱ्यानेच "मार" म्हणायचं.

- हँडब्रेक, चाकांना ओट, गिअर न्यूट्रल
- ऑईल, पाणी परत एकदा
- पेट्रोल टाकीतून नाही, वर बांधलेल्या छोट्या कॅनमधून
- अग्निशामक सिलेंडर हाताशी, पिन कशी काढायची ते दोघांनाही माहीत

कार्बोरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल ओतत सेल्फ मारू नका, बॅकफायर झाला की ज्वाळा सरळ तोंडावर येते.

सुरू झाली की पहिलं लक्ष ऑईलच्या दिव्याकडे. पाच-सात सेकंदांत विझला नाही तर बंद करा, आनंद नंतर. सुरुवातीला निळा-पांढरा धूर भरपूर येतो, ते आपण ओतलेलं तेल जळतंय, दहा मिनिटांत कमी व्हायला हवं. टॅपेटची टकटक चालेल. खालून जड "ठक ठक" आला तर लगेच बंद. रेझ करून बघायचा मोह होतो, नका करू.

## ९. चालवण्याआधी: पत्रा आणि ब्रेक

इंजिन जिवंत आहे हे कळलं की आता खर्च करायला हरकत नाही, आणि पहिला खर्च कुजलेल्या पत्र्याचा. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि २० गेजचा नवा तुकडा वेल्ड करायचा. गंजावर पत्रा चिकटवून वर लांबी भरणारे बरेच मिळतील, दोन पावसाळ्यांत ते परत उघडं पडतं. दरवाजाखालची पट्टी कापताना आधी आतून आडवा पाईप टेकवून घ्या, नाहीतर बॉडी खाली बसते आणि दरवाजा परत कधीच नीट लागत नाही. वेल्डिंगच्या वेळी टाकी गाडीत नको, बॅटरी सुटलेली हवी.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. ड्रम काढताना धूळ हवेने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा. चारही चाकांचे व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडर उघडा, आत खड्डे दिसले तर नुसतं किट टाकून भागत नाही, सिलेंडरच बदला. तिन्ही रबरी ब्रेक होज नवीन. ब्रेक ऑईल फक्त नव्या, सीलबंद डब्यातलं. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

ब्रेकच्या पाईपमधली एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

तपासा: पॅडल एक मिनिट जोरात दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. तुमचा मास्टर सिंगल सर्किटचा असेल तर एका गळतीने चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून इथे "जवळजवळ ठीक" असं काही नसतं.

टायरची नक्षी बघू नका, तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आकडे सापडलेच नाहीत किंवा दहा वर्षं होऊन गेली असतील तर नक्षी कितीही चांगली असो, बदला.

वायरिंग आता पूर्ण करा, जमलं तर नवीन हार्नेस आणि प्रत्येक सर्किटला फ्यूज. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा, घरी उभी असताना तो बंद.

क्लच दाबून गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय. पॅडल दाबून लाकडाने अडकवून दोन दिवस ठेवा, बहुतेक वेळा सुटते.

## १०. पहिले ५०० किलोमीटर, आणि मग रंग

पहिली फेरी कंपाऊंडमध्येच, १० च्या स्पीडने, दर वीस फुटांवर ब्रेक. एका बाजूला ओढते का, थांबल्यावर एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का ते हाताने बघा. विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय गेटबाहेर नाही. आरटीओला न्यायच्या आधी सगळे दिवे, वायपर, हॉर्न, आणि जुन्या गाड्यांनाही आता लागते ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट.

१०० किलोमीटरला ऑईल बदला. ५०० पर्यंत दर फेरीनंतर खाली पुठ्ठा अंथरून डाग बघायचे, वहीत लिहायचे. या काळात काहीतरी सुटतं, गळतं, परत उघडावं लागतं, आणि म्हणूनच रंग आत्ता नाही.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाऊसच्या बाजूची दुकानं फिरा, मशीनिंगसाठी कोल्हापूरचं उद्यमनगर. जुना पार्ट सोबत न्या, फोटोवर आणलेला पार्ट बसेलच असं नाही.

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, पावसाळी दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. घासणं, रेड ऑक्साईड नाहीतर इपॉक्सी प्रायमर, लांबी, वॉटर पेपर हे सगळं घरी होतं आणि तेच खरं वेळखाऊ काम आहे, माझे सात रविवार गेले. शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा हात मात्र बूथमध्येच मारून घ्या, त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. काचा, रबर आणि क्रोमच्या पट्ट्या काढून द्या, चिकटपट्टी लावून रंगवलेली गाडी दोन वर्षांत रबराच्या कडेने सुटायला लागते. आणि परत आणल्यावर दरवाजांच्या तळातली पाणी जायची भोकं रंगाने बुजली नाहीत ना ते बारीक तारेने टोचून बघा.